सुपारी

चाळीस मीटर वर, सोहारच्या बंदरात,
माझी काचेची खोली.
खाली जहाज, जहाजावर डबे,
डब्यांत काय, ते मला कुणी सांगत नाही.
शिडी उतरायला बारा मिनिटं, चढायला सतरा,
म्हणून पाणी कमी प्यायचो
आणि लघवी दाबून ठेवायचो, अकरा वर्षं,
कंपनी पगार दाबून ठेवते तशी.

ऑगस्टात अंगात हीव भरलं.
बाहेर शेहेचाळीस, मी दोन ब्लँकेटांत.
धार नव्हतीच. थेंब होते,
आणि थेंबाथेंबाला निखारा.
जिथं बोट ठेवून दाखवता येत नाही
तिथं कुणीतरी मूठ आवळत होतं.
संडासापुढे रांग, दारावर थापा:
"चोगले, आत घर बांधतोस काय?"
रात्री वरच्या खाटेवरून म्हसळ्याचा बशीर, हळूच:
"कुठं गेला होतास का रे?"

मी कुठं जाणार?
शुक्रवारी कांदे आणतो, कपडे धुतो.
पण त्यानं विचारलं, म्हणून मीही
जुन्या शर्टाचे खिसे चाचपावेत तसा
स्वतःला चाचपत पडलो पहाटेपर्यंत.

डॉक्टर सुदानी. त्यांची इंग्रजी,
नर्स शिबूची केरळी हिंदी
आणि मधे माझी लाज, ती कुठल्याच भाषेत नाही.
त्यांनी हातमोजा चढवला.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.
उंट होता. त्यानंही मान वळवलेली.

"प्रोस्टेट," डॉक्टर म्हणाले.
अक्रोडाएवढी ग्रंथी, मूत्राशयाच्या खाली,
लघवीची नळी तिच्या पोटातून जाते.
तिला जंतू लागले, ती सुजली, नळी आवळली.
इतकंच.
सत्तेचाळीस वर्षं जी माझ्यात राहिली
तिचं नाव मला परदेशात कळलं.

अक्रोड आमच्याकडे कुठला.
मी श्रीवर्धनचा, मी मनात सुपारी धरली
आणि तशा तापातही हसू फुटलं:
मस्कतला उतरलो तेव्हा
आईनं बांधून दिलेली रोठा सुपारी
कस्टमवाल्यानं पिशवीसकट काढून घेतली होती.
एक निसटली म्हणायची.

शिबू म्हणाला, पाप नाही हे, भाई.
कॅन्सरही नाही, सूज आहे.
गोळ्या चार आठवडे,
बरं वाटलं तरी थांबायचं नाही.
कोमट पाण्यात बस. पाणी पी.
आली की जा.

मी ऐकलं, आणि नवव्या दिवशी बरं वाटलं
तशी उरलेली पाकिटं पेटीत ठेवली,
पुढच्या खेपेला होतील म्हणून.
पुढची खेप तेराव्या दिवशीच आली.
मग मात्र मोजून संपवल्या.
बशीरनं कुठून तरी निळं टब आणलं, काही न विचारता,
आणि मी बसलो की बाहेर
दाराला पाठ लावून उभा राहायचा.

वैजयंतीला तीन आठवडे सांगत होतो,
कंबर धरलीय.
एका रात्री फोन उशीला टेकवून
सगळं सांगितलं. मूठ, थेंब, हातमोजा, उंटसुद्धा.
आणि सुपारी.
ती इतका वेळ गप्प, वाटलं नेट गेलं.

कॅम्पात गणपती बसतो आमच्या.
पूजेला मी. बायको जवळ नसली की
कमरेला सुपारी खोचून बसायचं, रीत आहे.
इथं ती मिळत नाही,
तर दरवर्षी मी खजुराची बी खोचतो.

"यंदा बी शोधू नका," ती म्हणाली,
"मी आहे की तिथंच."

आता दर तीन तासांनी मी खाली येतो.
फोरमन घड्याळ दाखवतो.
मी त्याला शिडी दाखवतो.